चोळीबांगडीचं शेत आणि दुबईतली खोली

ह्यांनी दुबईत घर घ्यायचं काढलं तेव्हा मी आधी कपाळाला हात लावून बघितला. माझ्या नव्हे, ह्यांच्या. ताप नव्हता. रिटायर होऊन चार महिने झाले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस, हैदराबादच्या पुढं कधी गेलेला नाही, आणि एका सकाळी दाढी करता करता आरशाला सांगितल्यासारखं मला सांगतो, "तिकडं एक फ्लॅट घेऊन टाकावा म्हणतो."

"मेथीची जुडी आहे का ती, घेऊन टाकायला?" मी म्हटलं.

"अगं, गुंतवणूक असते ती."

गुंतवणूक हा शब्द ह्यांना जालना रोडवरच्या एका हॉटेलात सापडला होता. तिथं परदेशातल्या घरांचं प्रदर्शन लागलं होतं आणि हे कारखान्यातल्या एका ओळखीच्याच्या सोबतीला म्हणून गेले होते. सोबतचा माणूस फुकटचा चहा पिऊन परत आला, हे मात्र तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी मलाही नेलं. थंडगार हॉल, पायाखाली गालिचा, आणि मधोमध काचेच्या पेटीत अख्खं गाव मांडलेलं. निळा समुद्र, कापसाचे ढग, हातभर उंच इमारती आणि त्यांच्या खिडक्याखिडक्यांत मुंगीएवढाले दिवे. सूट घातलेला एक गृहस्थ मला मॅडम मॅडम करत होता. ह्यांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. पेटीवर दोन्ही हात ठेवून, वाकून, हे एकाच खिडकीकडं बघत होते. त्यांच्या श्वासानं काच धुरकट व्हायची, ती हे रुमालानं पुसायचे आणि परत बघायचे. लग्नात माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर काय हवं होतं!

पैसे कुठून आणायचे हे आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले. माझं शेत.

खुलताबादच्या खाली, डोंगराच्या पायथ्याला माझं दीड एकर होतं. पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर दोन-चार वर्षांनी माझ्या वडिलांनी ते घेतलं, आणि माझ्या लग्नात चोळीबांगडीसाठी म्हणून माझ्या नावावर केलं. पेरूची झाडं, मधे मधे सीताफळ, एक विहीर. आमच्याकडं लेकीला असं देतात, म्हणजे उद्या चोळीच्या खणासाठी तिला नवऱ्यापुढं हात पसरावा लागू नये. सगळेच देतात असं नाही. माझ्या वडिलांनी दिलं. रेशनकार्डावर मी कोणाची तरी बायको होते, मतदारयादीत कोणाची तरी बायको होते. सातबाऱ्यावर मी त्या जमिनीची मालकीण होते. वर्षातून दोनदा पेरूचे पैसे यायचे ते थेट माझ्या हातात. त्यांचं मी काय केलं हे ह्या घरात कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

तेव्हा मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. थोडंसं लिहिते. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायची अवदसा आठवली का, म्हटलं. स्वतःच्या बापाची विमानतळाच्या बाजूची जमीन भावांनी विकली तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघत बसलात, आणि आता बायकोच्या बापाची दिसली व्हय? हे खाली मान घालून ऐकत होते. त्यांचं हेच वाईट. भांडायला घ्यावं तर समोर उशी, कितीही बुक्क्या मारा. शेवटी माझाच घसा बसला.

पण हे सोडेनात. ते रंगीत पुस्तक उशाखाली घेऊन निजायचे. मी जेवायला वाढताना मधेच म्हणायचे, "तिथं हिवाळ्यात धुकं खालून जातं म्हणे. माणूस ढगाच्या वर जेवायला बसतो." भाकरी हातात तशीच. मला राग यायचा, आणि त्या रागातच मला ते धुकं दिसायलाही लागलं होतं. दुपारी ज्वारी निवडताना सुपातच दिसायचं.

एक दिवस मी म्हटलं, "मला ते घर दाखवा, मग सहीचं बोला."

ह्यांनी पुस्तकातला नकाशा उघडला.

"कागद नको. आखून दाखवा."

आमच्याकडं घर बांधायचं तर पाया खणायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं सगळं घर आखतात. मग घरची बाई त्या रेघांमधून एकदा हिंडून येते. चूल कुठं, पाणी कुठं, कोण कुठं निजणार, हे ती पायानं बघते. तिनं नाही म्हटलं तर रेघ पुसून दुसरी ओढतात. मी म्हटलं, दुबई असो नाहीतर जालना, घर आहे ना? मग आखणी झालीच पाहिजे. आणि जे शेत विकायचं म्हणताय त्याच शेतात झाली पाहिजे. मला वाटलं होतं, एवढ्यानं हे गप बसतील.

हे तर खुश झाले. दुसऱ्याच दिवशी मोजायची टेप, सुतळी आणि फक्कीचं पोतं घेऊन आम्ही एसटीनं शेतावर. थंडीचे दिवस होते. ऊन कोवळं, पेरूचा वास सगळीकडं दाटलेला. माझं शेत खुलताबादचे एक म्हातारे चाचा बटईनं करायचे. अर्धा माल त्यांचा, अर्धा माझा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तेच. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं चाचा तरी ह्यांना दोन शब्द सुनावतील. चाचांनी सुतळीचं एक टोक धरलं.

विहिरीजवळ, पेरूच्या दोन ओळींच्या मधे दुबई आखली गेली. स्टोअरचा माणूस, इंच इकडचा तिकडं होऊ देईना. भिंतीची रेघ, दाराला फट, खिडकीला तुटक रेघ. न्हाणीघर, ओटा, बाहेरची खोली, निजायची खोली, आणि डोंगराच्या अंगाला गॅलरी. सगळं आखून झालं तरी दोन ओळींमधली जागा उरलीच.

चाचा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाई, इत्ताच घर? इसमें बकरी किदर बांधते?"

मी हसून हसून खाली बसले. तर हे ओरडले, "अगं, भिंतीवर बसलीस! ऊठ, ऊठ!"

मग मी दारातून आत गेले. चाचाही आले, पण चपला बाहेर काढून. मी ओट्यापाशी उभी राहिले. हात लांब केले तर दोन्हीकडच्या भिंती लागल्या. असल्या ओट्यावर मी बारा जणांच्या भाकरी कुठं थापू, असं मनात आलं आणि लगेच आलं, अगं बाई, तिथं बारा जण कुठले? तिथं दोघंच. दोघांच्या भाकरी म्हणजे चार. फार तर पाच. तेवढ्यात मी पाण्याचं तांब्याभांडं तिथं ठेवलंसुद्धा. वारा आला की पेरूची पानं हलायची, घरात सावल्या फिरायच्या. समोर डोंगर होता, पण मला तो डोंगर वाटेना. भूल पडल्यासारखं झालं. गॅलरीत जाऊन मी उन्हाकडं पाठ करून बसले, आणि कितीतरी वेळ मला कोणी हाक मारली नाही.

मागं वळून बघते तर हे निजायच्या खोलीत आडवे झालेले. चाचांच्याकडून एक रिकामं पोतं मागून घेऊन ते ह्यांनी दाराच्या फटीत आडवं टाकलं होतं. उशाला हात घेतला होता. झोप लागली होती. आणि कसली झोप! तोंड उघडं, कपाळावरची आठी गेलेली. एक पिकलेला पेरू शेजारी पडला तरी जाग नाही. घरी हा माणूस नखाएवढ्या आवाजानं उठून बसतो. ऊन ह्यांच्या पायावरून सरकत छातीवर आलं, तिथून झाडामागं गेलं. चाचा पाणी द्यायला गेले, परत आले. मी त्या पोत्याच्या अलीकडं बसून होते. का कोण जाणे, ओलांडावंसं वाटलं नाही.

जाग आल्यावर हे थोडा वेळ वर बघत पडले. मग म्हणाले, "ही खोली पाहिजे मला."

"कुठली?"

"हीच. जिचं दार लावता येतं."

आमचं चिकलठाण्याचं घर मोठं आहे. चार भावांचं, दोन मजली, स्लॅबचं. दारंही आहेत, चांगली सागवानी. पण दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलं तर कोणीतरी रुसलंय, नाहीतर आजारी आहे, नाहीतर चोरून खातंय, असा अर्थ निघतो. आमच्या खोलीत घरभरच्या रजया, लग्नाकार्याची भांडी आणि थोरल्या दिरांच्या फायली. ज्याला जे लागेल ते घ्यायला तो येणार, पहाटे येणार, आम्ही निजलेले असलो तरी येणार. मला वाटायचं, मीच एकटी ह्याला वैतागलेय. हे तर त्या घरातलेच, ह्यांना काय त्याचं.

"मग इथंच एखादी खोली घ्या ना," मी म्हटलं. "शहरात, क्रांती चौकाच्या बाजूला घ्या. तिथं पण दार असतं."

"इथं घेतली तर ती माझी राहील का? धाकट्याचा पोरगा कॉलेजला जवळ पडतं म्हणून येईल. दादाला दवाखाना जवळ पडंल. किल्ली घरातल्या खिळ्यावर जाईल. आणि मला नाय म्हणता येतं का कोणाला? जन्मात कोणाला नाय म्हणलो नाही मी."

"आणि दुबईला?"

"तिथं यायला व्हिसा लागतो," हे म्हणाले.

मला आधी हसू फुटलं. मग ह्यांचं तोंड बघून ते विरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ह्या माणसानं ती गुंतवणूक शब्दाखाली झाकली होती, आणि आत काय होतं तर एक कडी. पस्तीस वर्षं ज्याच्या शेजारी निजले त्याला काय पाहिजे हे मला फक्कीच्या घरात कळलं. मला माझी लाज वाटली. खरंच वाटली.

मी हो म्हणाले. कोणी मला मारूनमुटकून म्हणायला लावलं नाही. चाचांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "तुमारी जमीन, तुमारी मर्जी. मेरे कू क्या पूछते." मग म्हणाले, "पेरू का मोसम होने देव बस." तेवढं आम्ही होऊ दिलं. मोसम संपल्यावर चाचा खुलताबादेत मुलाच्या दुकानात बसायला लागले.

रजिस्ट्रीच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, "खुशीनं विकताय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?" मी म्हटलं, खुशीनं. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रावर माझं बोट उमटेना. भाकरी थापून थापून रेषा झिजलेल्या. चार वेळा पुसून दाबलं तेव्हा उमटलं. बाहेर येऊन मी रडले. हे म्हणाले, "नको विकू, अजून फाडता येईल." मी म्हटलं, "आता काय फाडता! चला, रस पाजा मला." आम्ही उसाचा रस प्यायलो.

तिकडच्या कागदावर माझंही नाव घालायचं ठरलं होतं. पण त्याला पासपोर्ट लागतो, आणि मी फोटो काढायला आज जाते उद्या जाते करत दोन महिने घालवले. माझंच चुकलं. तिकडून घाई होती. हे म्हणाले, आता एकाच नावावर होऊ दे, तुझं नंतर घालू. मी म्हटलं, घाला नंतर. नंतर कधी घालतात ते सगळ्या बायकांना माहीत आहे.

घर तयार व्हायला तीन वर्षं लागली. भाड्यानं द्यायच्या आधी पंधरा दिवस आपण राहून यायचं, असं ठरलं. पुतण्यांना कळलं तसे दोघेतिघे लगबगीनं म्हणाले, "काका, आम्हीपण!" हे म्हणाले, "व्हय व्हय, या की. व्हिसा काढा." कोणी काढला नाही.

सत्ताविसावा मजला. लिफ्टमधे माझे कान बंद झाले. ह्यांनी किल्लीच्या जागी पत्त्याच्या पानासारखं एक कार्ड दाराला लावलं, दार उघडलं, आणि आत गेल्या गेल्या लावून टाकलं. मी दूध उतू घालवायला शेगडीवर ठेवलं. ती काचेची शेगडी. दूध सांडलं तशी ती टीं टीं करून आपली आपण बंद झाली. आमचं गृहप्रवेशाचं एवढंच झालं.

पण धुकं खरं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर खाली काहीच नाही. रस्ता नाही, गाड्या नाहीत, जमीन नाही. पांढरं पांढरं सगळं, आणि त्यातून लांब लांब पाच-सहा इमारतींची डोकी वर आलेली. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.  मला वाटलं, आपण मेलो की काय, आणि मेल्यावर एवढं बरं वाटत असेल तर काही हरकत नाही. आठ-साडेआठला ऊन वर आलं, मग हळूहळू खालचे रस्ते दिसायला लागले, दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक चिंधी दिसली.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हे खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून खट्ट झालं.

मी भांडी घासली. चारच भांडी. पुसून ठेवली. बाहेरच्या खोलीत बसले. पहिल्यांदा लई छान वाटलं. फोन नाही, हाक नाही, कोणी पाहुणं नाही. पाय वर घेऊन बसले, तरी बघणारं कोणी नाही. मग उठले. ओट्यापर्यंत गेले, परत आले. न्हाणीघरात तोंड धुतलं. गॅलरीत गेले, परत आले. एक तास झाला, दीड तास झाला. मग माझ्या ध्यानात आलं की ह्या अख्ख्या घरात दार लावून बसता येईल अशी खोली एकच आहे, आणि मी तिच्या बाहेर आहे. कागदावर माझं नाव नाही. खुलताबादला जाऊन ज्या झाडाखाली बसायचं, तेही आता माझं नाही.  चोळीबांगडीचं शेत देऊन मी बाहेरच्या खोलीत बसले होते, पाहुणीसारखी.

भांडायचंच म्हणून मी उठले आणि दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"कोण म्हणजे? सत्ताविसाव्या मजल्यावर दुसरं कोण येणार?"

दार उघडलं. ह्यांच्या गालावर उशीचा वळ होता. डोळे जड. दहा-पंधरा वर्षांनी लहान दिसत होते. मी जे बोलायला म्हणून आले होते ते कुठच्या कुठं गेलं.

"चहा ठेवू का?" मी म्हटलं.

"आत्ता नाय," हे म्हणाले. लई मायेनं म्हणाले. आणि हसून दार लावून घेतलं.

जन्मात कोणाला नाय न म्हणालेला माणूस. त्याला नाय म्हणता यावं म्हणून मी शेत विकलं, आणि त्याचं पहिलं नाय माझ्या वाट्याला आलं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, लई आला, आणि रडूही आलं. आपटायला काही नव्हतं, ती काचेची शेगडी सोडली तर. मग मी एका कपाचा चहा ठेवला. एका माणसाचा चहा मी जन्मात कधी केला नव्हता, मापच येईना. दूध जास्त झालं, पावडर कमी पडली. तसाच उभ्यानं प्यायले. दाराच्या त्या बाजूनं घोरणं ऐकू येत होतं, आणि त्या घोरण्यानं मला बरं पण वाटत होतं.

हे दिवेलागणीला बाहेर आले. आळस देत म्हणाले, "झाला का चहा?"

"माझा झाला," मी म्हटलं. "आणि उद्या दुपारी ती खोली माझी. आतून लावून घेणार. तुम्ही बाहेर बसायचं. दार वाजवायचं नाही."

हे हसले. मी हसत नाही हे बघून थांबले.